इथं विहीर होती

नागपूरजवळच्या बेशात आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा इमारतीच्या कोपऱ्यावर वच्छलाबाई झाडे यांची पिठाची चक्की आधीपासून होती. बाई गहू बारीक दळते आणि तोंडानं फाटकी आहे, एवढंच आम्हा फ्लॅटवाल्यांना तिच्याबद्दल माहीत होतं. एकदा एकानं चक्कीच्या दारात कार आडवी लावली आणि सांगूनही हलवली नाही. तिनं मशीनचा जुना पट्टा उचलला आणि बॉनेटवर असा हाणला की पोचा आला. "आता नेतं का दुसरा हाणू?" त्यानं मुकाट्यानं नेली.

तिचा डावा हात खांद्याच्या वर जात नसे. गव्हाचा डबा ती एकट्या उजव्या हातानं चढवायची. पाठीवर, मानेच्या खालून सुरू होणारा जाड वण लुगड्याच्या पदरातून कधी कधी दिसायचा. काय झालं होतं, हे विचारायची माझी हिंमत झाली नव्हती. पुढे जे ऐकलं ते तिच्याच तोंडून, आणि तेही आधी एका लाकडी खुंटातून ऐकलं.

आमची इमारत उभी आहे ते शेत तिच्या बापाचं. रुपराव भोयर हा तिचा थोरला भाऊ. पंचवीसेक वर्षांपूर्वी बेसा हे कापूस-तुरीचं गाव होतं आणि नागपूर त्याच्याकडे सरकत येत होतं. शेजारची शेतं एका लेआउटवाल्यानं घेतली, प्लॉट पाडले. पण त्या प्लॉटांना मोठ्या रस्त्यावर यायला वाट नव्हती. वाट निघणार होती ती रुपरावच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, विहिरीला अगदी घासून. रुपराव नाही म्हणाला. लेआउटवाल्याची माणसं येऊन त्याच्या शेतात चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारून जायची, रुपराव त्या पायानं पुसायचा, रोवलेले खुंट उपटून नाल्यात फेकायचा. या माणसांचा म्होरक्या दादाजी नावाचा तरणा गडी होता. तो नाकात बोलायचा आणि प्रत्येक वाक्याचा शेवट ओढायचा. वच्छला म्हणते, तो आवाज बांधापलीकडून आला तरी बैल कान टवकारायचे.

कापूस वेचणीचे दिवस होते. वच्छला सासरहून, कळमेश्वरहून, वेचणीसाठी माहेरी आली होती. सकाळी ती चार बायांबरोबर वावराच्या खालच्या अंगाला होती आणि रुपराव विहिरीवर मोटर सुरू करायला गेला होता. आधी तिला दादाजीचा आवाज ऐकू आला. "आता अखरीचं विचारतो, रुपराव." मग रुपरावचं उत्तर, "अखरीचं काय, पहिलंच सांगतलं ना गा तुले." त्यानंतर जे ऐकू आलं ते ओलं लाकूड फोडल्यासारखं होतं.

ती ओटीतल्या कापसासकट धावली. चौघं होते. तिघांनी रुपरावला धरलं होतं आणि दादाजीच्या हातात कुऱ्हाड होती. पहिला घाव गुडघ्यावर होता, कारण रुपराव उभ्या उभ्या वाकला होता आणि एक पाय भलतीकडेच वळला होता. दुसरा तिच्यासमोर झाला, मानेत. वच्छला त्याच्या अंगावर पडली. तिसरा घाव तिच्या खांद्यात रुतला. दादाजीनं पाय देऊन कुऱ्हाड ओढून काढली, तेव्हा हाडाचा आवाज तिला आतून ऐकू आला. मग त्यांनी रुपरावला विहिरीत ढकललं. तो जिवंत होता. खालून त्याचं "वच्छे, वच्छे" असं ओरडणं तिला ऐकू येत होतं आणि तिला काठावरून उठता येत नव्हतं. पाण्याचा रंग बदलताना ती पाहत राहिली. बायांनी गावातून माणसं आणेपर्यंत तो मोटरच्या पाइपाला धरून होता. त्याला वर काढलं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कापसाच्या गंजीवर टाकलं. नागपूरच्या मेडिकल रुग्णालयाच्या वाटेवर, तिच्या मांडीवर, तो गेला. गंजीचा वरचा सगळा थर लाल झाला होता. तो कापूस बापानं धुऱ्यावर जाळला. धूर दिवसभर गावावर होता.

दादाजीला जन्मठेप झाली. बाकीचे तिघं पुराव्याअभावी सुटले. लेआउटवाल्याचं नाव खटल्यात कुठेच आलं नाही. बाप दोन वर्षांत खचला, शेत विकून टाकलं आणि गेला. विहीर मुरूम आणि मलबा टाकून बुजवली. वच्छलाचा नवरा भला माणूस होता, तो कळमेश्वर सोडून तिच्याबरोबर बेशात राहायला आला. त्यानंच चक्की टाकली आणि तीन-चार वर्षांत काविळीनं गेला. मागे राहिला मुलगा रोहित.

वच्छलाचं सगळं मोजमाप तेव्हापासून एकाच ठिकाणाहून होऊ लागलं. रोहितचा जन्म "रुपराव गेल्यानंतरच्या दुसऱ्या सालचा". चक्की "विहीर बुजवली त्याच साली". टीव्हीवर एखादी जुनी बातमी लागली की ती म्हणायची, "हे रुपराव होता तवाचं." घरात कॅलेंडर होतं, पण ते सिलिंडरच्या नोंदीपुरतं.

अबोली आमच्याच इमारतीत भाड्यानं राहायची. चित्रकलेच्या महाविद्यालयात शिकवायची. तिचं मूळ घर नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीत. तिचे काका कृष्णकांत यांच्याशी माझीही ओळख होती. जेवताना ते नागपूरकर भोसल्यांच्या दरबारातली भांडणं अशी सांगायचे, जणू कालच संध्याकाळी ती ऐकून घरी आलेत. अबोलीनं मला एकदा सांगितलं, "आमच्या घरी दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट पानात वाढलेली असते, आणि इथं बेशात पंचवीस वर्षांपूर्वी काय होतं ते कोणालाच सांगता येत नाही. कोणाचा काळ किती लांब, हे कोण ठरवतं?" त्यावर तिनं एक मोठं काम करायला घेतलं. लकडगंजातलं एक रिकामं लाकडाचं गोदाम भाड्यानं घेतलं. त्याच्या फरशीवर बेशाच्या जुन्या शेतांचा नकाशा मातीनं काढला आणि त्या मातीवर आजचे प्लॉट फक्कीनं आखले. ठिकठिकाणी वाळूच्या डब्यात सागाचे कमरेएवढे खुंट उभे केले. प्रत्येक खुंटात एक छोटा स्पीकर. जवळ उभं राहिलं की त्या जागेची आठवण सांगणाऱ्या माणसाचा आवाज सुरू व्हायचा. कामाचं नाव तिनं ठेवलं होतं, "आधी".

विहिरीची आठवण सांगायला तिनं वच्छलाला गाठलं. वच्छला आधी नाहीच म्हणाली. मग एका दुपारी चक्की बंद ठेवून सगळं सांगितलं, मी वर लिहिलं ते सगळं. फक्त दादाजीचं नाव घेतलं नाही. "त्याचं नाव मी तोंडात आणत नाही. थुंकाव लागते मग."

याच दरम्यान अबोली शेतं मोजणाऱ्या, फक्की मारणाऱ्या माणसांच्या शोधात होती. कोणीतरी तिला कळमेश्वरच्या एमआयडीसीतल्या एका चौकीदाराचं नाव दिलं. पन्नाशी ओलांडलेला, खोकणारा, नम्र बोलणारा माणूस. तो उत्साहानं बोलला. तुरुंगाचं काही बोलला नाही. अबोलीनंही तुम्ही मधली वर्षं कुठं होता, असं विचारलं नाही. त्याचा आवाज तिनं वाटेच्या खुंटात घातला, विहिरीच्या खुंटापासून दोन हातांवर.

उद्घाटन रविवारी सकाळी होतं. गोदामात मुद्दाम अंधार ठेवला होता, फक्त खुंटांवर एकेक दिवा. दाराशी आलूबोंडे आणि चहा. मी होतो, रोहित होता. वच्छला नवं हिरवं लुगडं नेसून आली होती. आपल्याच आवाजापाशी ती फार वेळ उभी राहिली. मी शेजारी होतो. ती रडली नाही, मान हलवत होती, जणू दुसरं कोणी बरोबर सांगत आहे. मग ती वाटेच्या खुंटाकडे सरकली आणि तिथला नाकातला, वाक्याचा शेवट ओढणारा आवाज सुरू झाला.

"हे पूरं रानच होतं, पोरी. आम्ही फक्की मारत गेलो, नाल्यापासून ते रोडपर्यंत. इथी एक विहीर होती, ते बुजवली. नाही, भांडण-बिंडण काही नाही. लोकं खुशीनं जमिनी देऊन राहिले होते. काहीच झालं नाही इथी."

वच्छलाचा चेहरा मला दिव्याच्या उजेडात दिसत होता. पहिल्या शब्दालाच तिचा उजवा हात डाव्या खांद्यावर गेला.

पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलेला एक वाळका माणूस हातात आलूबोंड्याची प्लेट घेऊन आमच्याजवळ आला. केस काळे केलेले होते. त्यानं तिला ओळखलं नाही. तिच्याकडे पाहून हसला आणि कौतुकानं म्हणाला, "हा माह्यावाला आवाज होय, बाई."

"काहीच झालं नाही?" वच्छलानं विचारलं.

"नाही ना बाई. जुन्या गोष्टी आहेत."

तिनं दोन्ही हातांनी खुंट धरला. डावा हात कधी वर जायचा नाही, तो त्या दिवशी गेला. वाळूचा डबा कलंडला, वायर तटकन तुटली आणि आवाज बंद पडला. पहिला फटका त्याच्या तोंडावर बसला. प्लेट उडाली. मला दात फरशीवर पडल्याचा आवाज ऐकू आला, खडे पडावेत तसा. तो खाली बसला आणि त्यानं हात वर केले, तर दुसरा फटका गळ्याजवळच्या हाडावर बसला आणि ते हाड मोडलं. तो फक्कीवर उताणा पडला. ती त्याच्या छातीवर पाय देऊन उभी राहिली.

"सांग! काय झालं इथी, सांग!"

त्याच्या तोंडातून रक्ताचा फेस येत होता. तेव्हा त्यानं तिला ओळखलं. डोळे मोठे झाले. "वच्छला," तो म्हणाला, किंवा म्हणायला गेला.

"माह्यं नाव नोको घेऊ! रुपरावचं घे! घे नाव!" आणि तिनं तिसरा घातला, बरगडीत. मी आणि रोहितनं तिला मागून धरलं. तिनं रोहितलाही कोपरानं नाकावर मारलं, त्याच्या शर्टावर रक्त आलं. चौघांनी मिळून खुंट तिच्या हातातून सोडवला. सागाचं कुसळ तिच्या तळव्यात गेलं होतं. गोदामात लोक एकमेकांना ढकलत दाराकडे पळत होते, आणि बाकीच्या खुंटांतून म्हातारी माणसं तुरीच्या, बैलांच्या, आंब्याच्या गोष्टी सांगतच होती.

पोलीस आले. तिनं स्वतःच हात पुढे केले.

जामिनावर ती बाहेर आली तेव्हा रोहित तिच्यावर चिडलेला होता. तो मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करतो, शांत मुलगा आहे. चक्कीत तिच्यासमोर उभा राहून म्हणाला, "मामाले मी पाह्यलंही नाही, आई. पण पूर्ण जिंदगी मी त्याच्या मरणात राहिलो. अजून किती राहू? माह्यं लग्न करायचं आहे, लोकं काय पाहतील, मुलाची आई केसमध्ये?"

"मंग काय करू? हसू त्याच्यासंग?"

"मारायचं नव्हतं."

"हाव. मारायचं नव्हतं," ती म्हणाली. "पण तो म्हणे काहीच झालं नाही."

अबोली आली ती रडतच. प्रदर्शन बंद करते, म्हणाली. त्या माणसाचा आवाज काढून टाकते, मला माहीत असतं तर... वच्छलानं तिला बसवलं. "तू दोघायचंही ऐकलं वं पोरी. पण एकाचं दुसऱ्याले ऐकवलं नाही, थेट गर्दीत ऐकवलं. हे चुकलं तुह्यं." मग म्हणाली, "काढू नोको त्याचा आवाज. राहू दे. तो खोटं बोलते, हेही लोकायले ऐकू दे. माह्या बाजूलेच ठेव." अबोलीनं तसंच केलं. उपटलेला खुंट पोलिसांनी मुद्देमाल म्हणून नेला होता, तिनं त्या जागी नवा उभा केला.

खटला उभा राहिला. वच्छलाचा वकील हुशार होता. गोदामात अंधार होता, म्हणाला, वायरीत पाय अडकून माणूस खुंटावर पडला, बाईनं उचलायला हात दिला. नीट पाहिलं असं कोण सांगणार? तुम्ही फक्त आरोप कबूल नाही एवढं म्हणा. रोहितला हे पटलं. वच्छला काही बोलली नाही, म्हणजे तिनं मान्य केलं असं सगळ्यांनी धरलं.

कोर्टातल्या तारखेच्या आधी एका सकाळी मी दळण घ्यायला गेलो तर चक्कीत एक पोरगी उभी होती. साधा सलवार-कुर्ता, ओढणीनं तोंड बांधलेलं. तिनं ओढणी सोडली.

"मी प्रीती. दादाजीची मुलगी."

वच्छलानं मशीन बंद केली. पट्टा फिरत फिरत थांबला.

"बाबा म्हणे गोदामात एका पागल बाईनं मारलं. मी तो कार्यक्रम पाहाले गेली, कोण बाई ते पाहाले. तिथी त्याचा आवाज ऐकला. मंग तुमचा ऐकला." ती एक पाऊल मागे सरकली. "मी लहान होती तवा मले सांगतलं होतं का बाबा सुरतले कामाले आहे. माह्या आईनं सांगतलं. तो परत आला तवा मी दहावीत होती. खरं सांगा, तो कुऱ्हाडवाला माहा बाप होय का?"

"हाव," वच्छला म्हणाली. आणि मग तिनं त्या पोरीला काहीही वगळून सांगितलं नाही. गुडघा कसा वळला होता, हाडातून कुऱ्हाड कशी निघाली, पाणी कसं झालं, सगळं. पोरीला दुखावं म्हणूनच ती सांगत होती, हे मला कळत होतं. मी मध्ये पडलो नाही. प्रीती ऐकत राहिली. मग बाहेर जाऊन नालीवर ओकली. तोंड पुसून परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि आता ती भ्यायलेली नव्हती.

"त्याले आता चावता येत नाही," ती म्हणाली. "पोळी वरणात कुस्करून मी रोज भरवते. हात उचलत नाही त्याचा. तुम्ही केलं हे."

"मी केलं."

"मंग कोर्टात काहून म्हणून राहिले का तो पडला? तुमच्या वकिलानं आमच्या वकिलाले तसं सांगतलं. तो म्हणते काहीच झालं नाही, तुम्हीही म्हणता काहीच झालं नाही. मंग तुमच्यात अन् माह्या बापात फरक काय?"

वच्छलानं हात उचलला. मला वाटलं, मारते आता. पण तो हात तसाच राहिला आणि तिनं तो मशीनच्या तोंडावर टेकला.

"माफ करा म्हणाले आली का त्याले?"

"नाही," प्रीती म्हणाली. "माफ करू नोका. खरं सांगा फक्त." ओढणी बांधून ती गेली. वच्छलानं त्या दिवशी चक्की पुन्हा सुरू केली नाही. माझं दळण दुसऱ्या दिवशी मिळालं.

तारखेला मी साक्षीदार म्हणून गेलो होतो, पण मला बोलवायची वेळच आली नाही. न्यायाधीशबाईंनी आरोप वाचून दाखवला आणि कबूल आहे का, असं विचारलं. वकिलानं मान हलवून खूण केली. वच्छला उठून उभी राहिली.

"हाव साहेब. मी मारलं. तीन वेळा. तो पडला नाही, मी पाडला."

वकील उभा राहिला, रोहितनं डोळे झाकून घेतले. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "याचा परिणाम काय होतो, तुम्हाला माहीत आहे? तुरुंग होऊ शकतो. नीट विचार करा."

"केला. पण काहून मारलं तेही लिहून घ्या. त्यानं माह्या भावाले मारलं, त्याची सजा त्यानं भोगली, त्याचं मले काही म्हणायचं नाही. पण तो म्हणे काहीच झालं नाही. तेवढं लिहा."

समोरच्या बाकावर दादाजी बसला होता. गळ्यात हात अडकवलेला, गाल आत गेलेले. प्रीती त्याच्या शेजारी होती. न्यायाधीशबाईंनी त्याला विचारलं, या बाई म्हणतात ते खरं आहे का. तो बाकाला धरून उठला. मग बिनदातांच्या तोंडानं, नाकातून, बोलला. "रुपराव भोयर. मी मारलं त्याले. विहिरीपाशी." शब्द फुटके होते, पण सगळ्यांना कळले. वच्छला त्याच्याकडे टक लावून पाहत होती. नंतर तिनं मला सांगितलं, "मले वाटे हे ऐकलं का माह्या छातीतलं काही तरी उतरल. काही उतरलं नाही. एक म्हातारा बोलून राहिला होता फक्त. कुऱ्हाडवाला कुठी गेला, मले दिसलाच नाही तो."

निकाल दुपारच्या आधीच झाला. चिथावणी, वय, स्वतःहून दिलेली कबुली, असं बरंच काही वाचलं गेलं. दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे त्या दिवशीचं काम संपेपर्यंत कोर्टातच बसून राहायचं, बाहेर जायचं नाही. दादाजी आणि प्रीती निघून गेले. जाताना प्रीतीनं वळून पाहिलं, हात जोडले नाहीत, काही नाही. रोहित बाहेर पायरीवर जाऊन बसला, पण घरी गेला नाही.

वच्छला मागच्या बाकावर बसली. दिवसभर दुसऱ्यांची प्रकरणं चालली. चोरीची मोटरसायकल, नवरा-बायकोची मारामारी, दारूच्या बाटल्या. ती सगळं ऐकत होती. एका प्रकरणात साक्षीदाराला तारीख आठवेना तेव्हा ती हळूच माझ्या कानाशी म्हणाली, "कसं आठवल त्याले? त्याच्या घरचं कोणी मेलं नाही ना तवा." पंखा फिरत होता. नंतर तिची मान छातीवर आली आणि ती झोपली, तोंड उघडं ठेवून, घोरत. शिपाई उठवायला आला, मी त्याला थांबवलं.

संध्याकाळी न्यायाधीशबाई उठल्या, सगळे उभे राहिले. मी तिच्या खांद्याला हात लावला. ती दचकून उठली, पदर सावरला आणि शिपायाला विचारलं, "झालं का गा? जाऊ मी?"

"जा ना आजी," शिपाई म्हणाला. "कोर्ट उठलं."